वारसा आणि वहिवाट : फ्रान्समधील मोंपाझिए

स्मृतिव्याख्यानाच्या या पुस्तिकेसाठी लिहिताना मी राजवाडे आणि किल्ले बाजूला ठेवून एक लहान गाव निवडले आहे. वारसा म्हणजे जपून ठेवलेली जुनी वास्तू, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. ती अपुरी आहे, हे नैर्ऋत्य फ्रान्समधील मोंपाझिए या गावावरून चांगले समजते.

दोर्दोन्य जिल्ह्यातील हे गाव आखून वसविलेले आहे. इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड हा त्या काळी आक्वितेन प्रांताचा ड्यूकही होता. बिराँच्या सरदाराशी करार करून त्याने १२८४ साली हे गाव वसविले. अशा गावांना ‘बास्तीद’ म्हणतात. लोकवस्ती वाढावी, बाजार भरावा व करांचे उत्पन्न मिळावे, हा त्यांचा हेतू असे. त्यासाठी वसाहतकऱ्यांना सारख्या मापाचे भूखंड आणि सनदेने काही हक्क दिले जात.

सुमारे ४०० मीटर लांब व २२० मीटर रुंद असा या गावाचा आयत आहे. रस्ते एकमेकांना काटकोनात छेदतात. दोन घरांच्या भिंतींमध्ये वीत-दीड वीत रुंदीची फट सोडलेली दिसते. सांडपाणी वाहून जावे आणि आग शेजारी पसरू नये, अशी ही दुहेरी योजना होय. मध्यभागी चौक असून त्याच्या कडेने कमानींच्या ओवऱ्या आहेत. चौकातील लाकडी छताच्या मंडईत धान्य मोजण्याची जुनी मापे अद्याप आहेत. माप सर्वांच्या डोळ्यांसमोर असले की व्यवहारावर विश्वास बसतो.

याच चौकाने कठोर प्रसंगही पाहिला. करांच्या ओझ्याविरुद्ध उठलेल्या शेतकऱ्यांचा एक पुढारी, ब्यूफारो नावाचा विणकर, याला १६३७ साली येथे चाकावर हाडे मोडून ठार करण्यात आले. देखण्या दगडांमागील हा इतिहासही वारशाचाच भाग मानला पाहिजे.

आज गावाची लोकसंख्या पाचशेच्या आसपास आहे. दर गुरुवारी त्याच चौकात बाजार भरतो. भाजी, चीज, ऋतुमानाप्रमाणे अक्रोड, चेस्टनट व रानातली अळंबी विकली जाते. नित्याचा कारभार निवडून आलेला महापौर व त्याची समिती पाहते. १९०५ च्या कायद्याने धर्म व शासन वेगळे झाले, तेव्हापासून जुन्या चर्चच्या इमारती सामान्यतः गावाच्याच मालकीच्या आहेत. छप्पर गळले तर खर्चाची काळजी गावालाच. संरक्षित वास्तूच्या परिसरात घराची दर्शनी बाजू बदलण्यासही शासकीय वास्तुतज्ज्ञाची संमती लागते.

खरा प्रश्न येथेच उभा राहतो. कायदा भिंत राखू शकतो. भिंतीआड माणूस राहील, याची हमी तो देऊ शकत नाही. फ्रान्सच्या ग्रामीण भागात तरुण शहरांकडे जातात, घरे उन्हाळी मुक्कामासाठी विकली जातात आणि हिवाळ्यात खिडक्या बंद दिसतात. प्रवाशांमुळे गावाला उत्पन्न मिळते, परंतु प्रवासी परत जातात. म्हणून गुरुवारचा बाजार मला मंडईच्या छपराइतकाच मोलाचा वाटतो. ज्या कामासाठी वास्तू उभारली ते काम तेथे चालू राहिले, तरच वारशाला वहिवाटीचा आधार मिळतो.

विद्यार्थ्यांनी आपल्या गावातील जुन्या विहिरी, पार, धर्मशाळा व बाजारपेठा यांची यादी करावी, आणि प्रत्येकीपुढे तिचा आज कोण, कशासाठी उपयोग करतो, हेही लिहावे. जेथे ही जागा कोरी राहील, तेथून कामाला सुरुवात करावी, अशी माझी विनंती आहे.