सोनेरी भात, फसलेली पब्लिसिटी

तुमचं प्रेझेंटेशन फसलं तर फार तर इन्क्रिमेंट हुकतं. इथे प्रश्न लहान मुलांच्या डोळ्यांचा होता. अ जीवनसत्त्वाअभावी येणारं अंधत्व टाळण्यासाठी इंगो पोट्रिकुस आणि पीटर बायर यांनी बीटा-कॅरोटिनवाला ‘गोल्डन राइस’ बनवला. २००० साली तो थेट ‘टाइम’च्या कव्हरवर! वर्षाला दहा लाख मुलं वाचतील, असा गाजावाजा. प्रत्यक्षात ग्रॅमला जेमतेम १.६ मायक्रोग्रॅम कॅरोटिन. विरोधकांनी नेमकं तेच पकडलं. २००५मध्ये नव्या वाणात ते ३७पर्यंत गेलं. पण फर्स्ट इम्प्रेशनचं काय? आमच्या मते चूक भाताची नाही, घाईच्या बोलण्याची. २०१३मध्ये फिलिपिन्समध्ये त्याचं चाचणीचं शेत उपटलं गेलं. २०२१मध्ये तिथेच लागवडीला परवानगी मिळाली. २०२४मध्ये कोर्टानं ती रद्द केली. सुरक्षिततेची पुरेशी शास्त्रीय खात्री नाही म्हणून.