पन्नासाव्या वाढदिवसाची आतषबाजी

विद्यार्थी मित्रांनो, उरुसात, लग्नाच्या वरातीत किंवा दिवाळीत तुम्ही आतषबाजी पाहिली असेल. सुर्रकन काहीतरी वर जाते. क्षणभर काळोख होतो आणि मग आकाशात एक मोठे रंगीत फूल उमलते. हे फूल लाल किंवा हिरवे का दिसते? ते गोलच का फुलते? ते आधी दिसते आणि त्याचा आवाज मागाहून का येतो? या प्रश्नांची उत्तरे आज आपण शोधू.

आतषबाजी हा शब्द तुम्हांला परका नाही. फारसीत ‘आतिश’ म्हणजे विस्तव आणि ‘बाजी’ म्हणजे खेळ. मराठीने हा शब्द आपलासा केला. उर्दूत ज्याला तुम्ही ‘अनार’ म्हणता, त्याला मराठीत ‘भुईनळा’ म्हणतात. ‘फुलझडी’ला ‘फुलबाजी’ म्हणतात. बारुदीला मराठीत ‘दारू’ असेही म्हणतात. हा शब्दही फारसीतून आला आहे आणि त्याचा एक अर्थ औषध असा आहे. ‘दवादारू’ हा जोडशब्द तुम्ही ऐकलाच असेल. गंमत अशी, की बारुदीचा शोध चीनमध्ये लागला आणि चिनी भाषेतही तिच्या नावाचा अर्थ ‘आगीचे औषध’ असाच होतो.

आता आपण अमेरिकेत जाऊ. कॅलिफोर्निया राज्यात लॉस एंजेलिसजवळ अनाहाइम नावाचे शहर आहे. तेथे वॉल्ट डिस्ने यांनी मुलांसाठी आणि मोठ्यांसाठी एक मोठे करमणूक उद्यान उभारले. त्याचे नाव डिस्नेलँड. 17 जुलै 1955 रोजी ते सुरू झाले. तेथे परीकथेतला किल्ला आहे, आगगाडी आहे, नाना प्रकारचे पाळणे आहेत. रात्री किल्ल्याच्या वर होणारी आतषबाजी हे या उद्यानाचे मोठे आकर्षण आहे.

या आतषबाजीत 1961 साली एका परीची भर पडली. उद्यानात मॅटरहॉर्न नावाचा 147 फूट उंचीचा कृत्रिम डोंगर आहे. त्याच्या शिखरावरून एक तार खाली ताणलेली होती. त्या तारेवरून ‘पीटर पॅन’च्या गोष्टीतली टिंकर बेल ही परी उडत येई. ही परी कोण होती, ठाऊक आहे? टायनी क्लाइन नावाची सर्कशीतली कसरतपटू! ती मूळची हंगेरीची. परी होऊन उडू लागली, तेव्हा तिचे वय सुमारे 70 वर्षांचे होते.

2005 साली डिस्नेलँडला पन्नास वर्षे पूर्ण झाली. त्यानिमित्त त्या वर्षीच्या मे महिन्यात नवी आतषबाजी सुरू झाली. उद्यानातल्या जुन्या आवडत्या खेळांचे संगीत आणि आवाज एकामागून एक ऐकू येत आणि त्यांच्या तालावर आकाशात फुले उमलत. प्रसिद्ध अभिनेत्री ज्यूली अँड्र्यूज यांच्या आवाजात निवेदन होते. संगीत आणि प्रकाश यांचा असा मेळ घालणे सोपे नाही. तो कसा घालतात, हे समजण्यासाठी आपण आधी एक गोळा उघडून पाहू. अर्थात, मनातल्या मनात!

आतषबाजीचा गोळा जाड कागदाचा असतो. तो एका उभ्या नळकांड्यात ठेवतात. गोळ्याच्या खाली थोडी दारू असते. ती पेटली, की तिचा वायू होतो. वायूला पसरायला जागा हवी असते, पण नळकांडे फक्त वरच्या बाजूने उघडे असते. म्हणून वायू गोळ्याला जोराने वर ढकलतो. सुमारे 75 मिलिमीटर व्यासाचा गोळा साधारण 90 मीटर उंच जातो. त्याच्या दुप्पट व्यासाचा गोळा साधारण दुप्पट उंची गाठतो.

गोळा वर जात असताना त्याची वात हळूहळू जळत असते. ती आतपर्यंत पोचली, की पोटातली दारू पेटते आणि गोळा फुटतो. त्याच्या आत मसाल्याच्या लहान लहान गोळ्या भरलेल्या असतात. त्यांना ‘तारे’ म्हणतात. हे तारे पेटून सगळीकडे सारख्या वेगाने उडतात, म्हणून फूल गोल दिसते. तारे कागदावर कड्यासारखे मांडून आत ठेवले, तर आकाशातही कडेच दिसते.

साधी दारू सोरा, कोळसा आणि गंधक यांची बनते. ‘सोरा’ म्हणजे तुमचा ‘शोरा’. शंभर भाग दारूत साधारण 75 भाग सोरा, 15 भाग कोळसा आणि 10 भाग गंधक असते. सोरा प्राणवायू पुरवतो. कोळसा आणि गंधक जळतात. पण या तिघांपासून झगझगीत रंग मिळत नाहीत. रंगासाठी ताऱ्यांत धातूंची संयुगे मिसळतात. स्ट्राँशियममुळे लाल, बेरियममुळे हिरवा, सोडियममुळे पिवळा आणि तांब्यामुळे निळा रंग मिळतो. मॅग्नेशियम किंवा ॲल्युमिनियम जळताना पांढरा शुभ्र प्रकाश देतात. निळा रंग सर्वांत अवघड. उष्णता फार वाढली, तर निळा प्रकाश देणारे तांब्याचे संयुग टिकत नाही आणि रंग फिका पडतो. म्हणून सुंदर निळे फूल दिसले, तर ते बनवणाऱ्या कारागिराला मनातून शाबासकी द्या.

फूल आधी दिसते आणि आवाज मागाहून येतो, कारण प्रकाश डोळ्यांपर्यंत जवळजवळ तत्काळ पोचतो. आवाज मात्र हवेतून सेकंदाला सुमारे 340 मीटर चालतो. फूल दिसताच सेकंद मोजू लागा. आवाज यायला तीन सेकंद लागले, तर फूल तुमच्यापासून सुमारे एक किलोमीटरवर उमलले असे समजा.

आता मेळाची गोष्ट. समजा, गोळ्याला वर जाऊन फुटायला तीन सेकंद लागतात. मग ढोल वाजताच फूल उमलायला हवे असेल, तर गोळा ढोलाच्या तीन सेकंद आधी सोडायला हवा. हा हिशेब संगणक ठेवतो. पण वात कधी जरा लवकर जळते, कधी जरा उशिरा. तेवढ्यानेही ताल चुकतो.

दुसरी अडचण याहून मोठी होती. डिस्नेलँडच्या आसपास लोकांची घरे आहेत. उद्यानात येणारा पाहुणा एक रात्र आतषबाजी पाहतो आणि आनंदाने घरी जातो. शेजारी राहणाऱ्यांना मात्र आवाज आणि धूर वारंवार सोसावा लागतो. साधी दारू जळली, की तिचा अर्ध्याहून अधिक भाग बारीक कणांच्या रूपात उरतो. तोच धूर. गोळा वर फेकणारी दारू जमिनीवरच जळते, म्हणून तिचा धूरही जमिनीजवळ राहतो.

यावर डिस्ने कंपनीच्या तंत्रज्ञांनी उपाय शोधला. 2004 साली त्यांनी दारूऐवजी दाबलेल्या हवेने गोळे वर फेकण्याची पद्धत जाहीर केली. सायकलच्या पंपाचे तोंड बोटाने बंद करून दट्टा दाबा. आतली हवा बोटाला कशी ढकलते! तशीच, पण खूप जोराने दाबलेली हवा गोळ्याला आकाशात फेकते. त्यामुळे जमिनीजवळचा धूर आणि आवाज कमी झाला. शिवाय वातीऐवजी गोळ्यात इलेक्ट्रॉनिक घड्याळ बसवता आले. त्यामुळे गोळा ठरल्या क्षणी, ठरल्या उंचीवर फुटू लागला. म्हणजे शेजाऱ्यांची सोय पाहिली आणि खेळही अधिक देखणा झाला.

तरीही सारा त्रास संपला नाही. आकाशात गोळा फुटताना धूर आणि आवाज होतोच. वरच्या थरात वारा जोराचा असेल, तर जळके तुकडे लोकांवर किंवा घरांवर पडण्याची भीती असते. अशा रात्री आतषबाजी रद्द करतात. दुरून आलेली मुले हिरमुसतात. पण कोणाला इजा होण्यापेक्षा थोडी निराशा बरी.

मित्रांनो, आपल्याही गल्लीत आजारी माणसे असतात, तान्ही बाळे असतात, झाडांवर पक्षी झोपलेले असतात. आपला आनंद साजरा करताना त्यांची आठवण ठेवणे एवढे काही कठीण नाही. पन्नास वर्षांच्या उद्यानाला जे जमले, ते आपल्यालाही जमेल.

स्वाध्याय

1. आतषबाजीचे फूल गोल का दिसते?
2. लाल, हिरवा आणि निळा रंग कोणत्या धातूंच्या संयुगांमुळे मिळतो?
3. दाबलेल्या हवेने गोळे फेकल्यामुळे कोणते फायदे झाले?
4. फूल दिसल्यावर दोन सेकंदांनी आवाज आला, तर ते किती मीटर अंतरावर उमलले असेल?
5. या पाठातले, उर्दूतही वापरले जाणारे पाच शब्द शोधा आणि त्यांचा मराठी वाक्यांत उपयोग करा.