रोस्ट बीफ आणि 'आपण कोण' हा प्रश्न

मित्रहो, कुर्डुवाडीत बसून रोस्ट बीफवर बोलायचं, म्हणजे विषय फार लांबचा वाटेल. पण एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याची बार्शी लाईट रेल्वे १८९७ साली इथून धावू लागली. १९०६ मध्ये ती पंढरपूरला पोचली आणि माळकऱ्यांनी ती आपली मानली. इंग्रजांची गाडी आपण घेतली, त्यांचं ताट मात्र घेतलं नाही. असं का, एवढंच आज आपण पाहणार आहोत.

आधी पदार्थ समजून घेऊ. गोमांसाचा मोठा तुकडा सळईत ओवायचा आणि उघड्या विस्तवासमोर फिरवत भाजायचा, हे मूळचं रोस्ट. गळणारी चरबी खालच्या भांड्यात धरायची, तिच्यात पीठ-अंडी-दुधाचं पुडिंग करायचं. हॅना ग्लास यांच्या १७४७ च्या पाकपुस्तकात ते 'यॉर्कशायर पुडिंग' या नावानं येतं. पुढे बंद भट्टी आली. आज ओव्हनमध्ये होतं ते, काटेकोर बोलायचं तर, पावासारखं बेक करणं झालं. कृती बदलली, तरी इंग्रज त्याला परंपराच म्हणतात. आपण तरी काय करतो? ठेच्यातली मिरची मूळची अमेरिकेची, पोर्तुगीजांबरोबर आलेली.

मग परंपरा टिकते कशावर? बऱ्याचदा ती दुसऱ्याकडे बोट दाखवून टिकते. हेन्री फील्डिंगनं १७३१ च्या एका नाटकात रोस्ट बीफवर गाणं घातलं. मसालेदार फ्रेंच खाण्यानं इंग्रज मऊ पडले, असा त्याचा रोख. १७४८ मध्ये होगार्थनं चित्र काढलं : कॅलेच्या वेशीत गोमांसाचा भलामोठा तुकडा, आणि त्याकडे बघणारे रोडके फ्रेंच शिपाई. फ्रेंचही इंग्रजांना 'रोस्बिफ' म्हणून चिडवू लागले.

हाच विचार आपल्याकडे आला तो राज्यकर्त्यांबरोबर. इंग्रज मांस खातात म्हणून राज्य करतात, हे शाळकरी गांधींना एका मित्रानं पटवलं होतं. त्यांनी चोरून बकऱ्याचं मांस खाल्लं. रात्री पोटात बकरं ओरडतंय असं त्यांना वाटत राहिलं. पुढे लंडनला त्यांनी शाकाहार विचारपूर्वक स्वीकारला.

पण याला दुसरीही बाजू आहे, ती टाळून चालणार नाही. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४८ च्या 'द अनटचेबल्स' या ग्रंथात मांडलं, की इतरांनी गोमांस सोडून गाय पवित्र मानली, आणि जे मेलेल्या गुराचं मांस खात राहिले ते अस्पृश्य ठरले. बघा, तेच मांस तिकडे राष्ट्राचा अभिमान झालं, इकडे माणसाला गावाबाहेर ठेवण्याचं कारण.

मांसाच्या तुकड्यात ना अभिमान असतो, ना विटाळ. तो अर्थ आपण घालतो. काय खावं, काय सोडावं, हे ज्यानं त्यानं आपल्या विवेकानं ठरवावं. माळकऱ्याचा नेम आम्हांला आदराचाच वाटतो. मात्र आपलं ताट दाखवून दुसऱ्याची पायरी ठरवायला लागलो, की तिथे धर्म संपतो आणि नुसता अहंकार उरतो.

आता तुमचे प्रश्न येऊ द्या.