पेशीतला थांबा

शाळेच्या पुस्तकात तंतुकणिका म्हणजे पेशीचं ऊर्जागृह, आणि आकृतीत ती एका जागी लंबगोल काढून ठेवलेली. खरी तंतुकणिका अशी गप्प बसत नाही. ती लांबते, दुभंगते, दुसरीत मिसळते आणि प्रवास करते. हा प्रवास सगळ्यात अवघड चेतापेशींत. कण्यातून निघून पावलाच्या स्नायूंपर्यंत पोचणारा अक्षतंतू माणसात जवळजवळ 1 मीटर भरतो, आणि ज्या पेशीचा तो फाटा असतो तिचं मूळ शरीर मिलिमीटरभरही नसतं. टोकाशी संदेश पुढच्या पेशीला द्यायचा तर तिथं ऊर्जा पुरवणारं एटीपी हवं, आणि ते इतक्या लांबून नुसतं झिरपत येईल अशी आशा व्यर्थ. म्हणून ऊर्जागृहालाच तिकडं जावं लागतं.

त्याला नेतं कोण, या शोधात योगायोगाचा वाटा मोठा. 1983 साली स्टॅनफर्डमधला तरुण संशोधक रॉन व्हेल आणि मायकेल शीट्झ यांना स्क्विडचे, म्हणजे आपल्या कोळ्यांच्या भाषेत माकुलाचे, चेतातंतू हवे होते. या प्राण्याचा महाअक्षतंतू अर्ध्या ते एक मिलिमीटर जाडीचा असतो. त्यातला गर पिळून काढता येतो आणि बाहेरही त्यातली वाहतूक चालू राहते. पण त्या वर्षी एल निन्योमुळं कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर माकूल मिळेना. मग दोघं अमेरिकेच्या दुसऱ्या टोकाला, वुड्स होलच्या सागरी प्रयोगशाळेत गेले. तिथं टॉम रीझ यांच्यासोबत काम करताना अपेक्षेच्या नेमकं उलट दिसलं. गराचा द्रव घातल्यावर कणांनी पेशीतले रूळ असलेल्या सूक्ष्मनलिकांवरून धावावं, असा अंदाज होता; पण काचेवर नलिकाच सरकू लागल्या. याचा अर्थ ओझं हलवणारं मोटर-प्रथिन द्रवात सुटं होतं आणि काचेला चिकटून नलिकांना ढकलत होतं. 1985 मध्ये हे प्रथिन वेगळं काढलं गेलं: कायनेसिन.

कायनेसिन दोन पायांनी चालतं, आणि प्रत्येक पावलाला एटीपीचा एक रेणू खर्च होतो. 1993 साली कायनेसिन जोडलेला सूक्ष्म मणी लेझरच्या चिमट्यात धरून हे पाऊल मोजलं गेलं, ते 8 नॅनोमीटर भरलं. त्या मापानं एक मीटर म्हणजे साडेबारा कोटी पावलं. एकच मोटर एवढं चालत नाही. शंभरेक पावलांनंतर ती नलिकेवरून सुटते, म्हणून एकेका ओझ्याला अनेक मोटरी लागतात. सेकंदाला एक मायक्रोमीटर हा वेग धरला, वाटेत कुठं थांबलं नाही, तरी पावलाच्या स्नायूंपर्यंत पोचायला साडेअकरा दिवस.

कायनेसिन अक्षतंतूच्या टोकाकडं जातं. उलट, पेशीच्या शरीराकडं आणतं डायनिन. ही मोटर एकटी दुबळी असते आणि जमावानं बळकट होते, हे मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रूप मल्लिक यांच्या गटानं लेझर चिमट्यानंच दाखवलं. त्याच संस्थेत संध्या कौशिका यांचा गट मिलिमीटरभर लांबीच्या पारदर्शक कृमीत तंतुकणिकांचं जाणं-येणं मोजत असतो. या दोहोंचा तोल बिघडला की अक्षतंतूतली तंतुकणिकांची दाटी बदलते, असं 2018 साली त्यांनी मांडलं.

मात्र मोटरी नेहमी असतात तशा असूनही तंतुकणिका टोकाला पोचल्या नाहीत, असं एका फळमाशीत दिसलं. थॉमस श्वार्झ यांच्या गटानं 2002 मध्ये अशा माश्या वर्णिल्या. डोळ्यांच्या चेतापेशींत इतर माल टोकाशी व्यवस्थित जात होता, तंतुकणिका तेवढ्या मागं अडकल्या होत्या. हरवलेल्या प्रथिनाला मिल्टन हे नाव मिळालं. माशी आंधळी, आणि कवी मिल्टनही. (फळमाशीवाल्यांची नामकरणं बहुधा अशीच, खोडकर.) मिल्टन कायनेसिनला धरतो, आणि तंतुकणिकेच्या बाह्यपटलातल्या ‘मिरो’ नावाच्या प्रथिनाशी जोडला जातो.

इथून पुढचं मला सर्वांत रोचक वाटतं. प्रौढ अक्षतंतूत एका वेळी साधारण एक तृतीयांश तंतुकणिकाच धावत असतात, उरलेल्या उभ्या. मोटर चालवणं समजण्यापेक्षा ती नेमकी कुठं थांबवायची, हे समजायला जास्त वेळ लागला. मिरोला कॅल्शियम बांधण्याच्या जागा आहेत. चेतासंपर्कस्थानी काम वाढलं की कॅल्शियम आत शिरतं आणि मिरोला चिकटतं. एसटीतल्या कंडक्टरच्या एका घंटीसारखं हे, आणि गाडी थांबते तीही ऊर्जा हवी त्याच थांब्यावर. थांबण्याची यंत्रणा नेमकी कशी, यावर 2009 सालच्या दोन गटांचं मत जुळलं नाही: एकाच्या मते कायनेसिन नलिका सोडून मिरोला धरतं, दुसऱ्याच्या मते ते मिरोपासूनच सुटतं. शिवाय सिंटाफिलिन नावाचं प्रथिन तंतुकणिकेला नलिकेशी नांगरून ठेवतं. ते काढून टाकलेल्या उंदरांत फिरत्या तंतुकणिकांचं प्रमाण कितीतरी वाढलं. मिरोच्या हाती लगाम द्यावा आणि तो ऊर्जेच्या गरजेनं नाही तर कॅल्शियमच्या इशाऱ्यानं ओढावा, ही पेशीची रीत मला फार हुशारीची वाटते.

मिरोचा संबंध आणखी एका वेळी येतो, तंतुकणिका खराब झाल्यावर. पिंक-1 आणि पार्किन ही प्रथिनं मिरोला नष्ट करवतात, मोटर सुटते, आणि बिघडलेली तंतुकणिका जागीच अडून पेशीच्या साफसफाईला सापडते. ही दोन्ही प्रथिनं घडवणाऱ्या जनुकांतले बदल वंशपरंपरागत पार्किन्सन्स आजारात आढळतात. स्टॅनफर्डमधल्या शिनान वांग यांच्या गटानं 2016 मध्ये रुग्णांच्या त्वचेच्या पेशी तपासल्या आणि त्यांपासून घडवलेल्या चेतापेशीही. ज्यांच्यात असा जनुकबदल सापडलेला नव्हता, अशा रुग्णांतही मिरो काढून टाकायला वेळ लागत होता. मिरोचं प्रमाण थोडं घटवल्यावर रुग्णांपासून घडवलेल्या चेतापेशींचा ऱ्हास ओसरला.