इंग्रजीत धावतं, मराठीत चालतं!

'रन' म्हणजे धावणे. शाळेत पाठ केलेला एवढाच अर्थ घेऊन तुम्ही इंटरव्ह्यूला बसलात. घरचं किराणा दुकान आहे म्हणालात आणि समोरून प्रश्न आला, 'हू रन्स द शॉप व्हेन युअर फादर इज अवे?' प्रश्न सोपाय, उत्तरही येतंय. पण डोक्यात कुणीतरी दुकान घेऊन धावायला लागतं. त्या दोन सेकंदांत कॉन्फिडन्स गुल.

आता हे वाचा. ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीच्या पीटर गिलिव्हर यांना या एका क्रियापदावर काम करायला तब्बल नऊ महिने लागले. अर्थ निघाले ६४५! १९८९च्या आवृत्तीत सगळ्यात मोठी नोंद 'सेट'ची होती. तिलाही 'रन'ने मागे टाकलं. एवढे अर्थ इंग्रजसुद्धा पाठ करत नाहीत. ते शेजारचा शब्द बघतात.

तुम्हीही तेच करा. काय 'रन' होतंय, ते बघा. दुकान, मशीन, बस, सिनेमा असेल, तर मराठीत ते चालतं. इंग्रज धावतो तिथे आपण निवांत चालतो! नदी किंवा सर्दीतलं नाक असेल, तर वाहतं. कपड्याचा रंग 'रन' झाला, म्हणजे गेला. इलेक्शनला अमेरिकन माणूस 'रन' करतो, ब्रिटिश 'स्टँड' करतो, आपण ती लढवतो. (स्वभाव, दुसरं काय!)

खरी गोची पुढे चिकटणाऱ्या शब्दांची. 'रन आउट' म्हटलं की आपल्याला स्टंप दिसतात, पण 'वी हॅव रन आउट ऑफ मिल्क' म्हणजे दूध संपलंय. 'रन इनटू' मित्राबाबत असेल तर अचानक गाठ पडली, खांबाबाबत असेल तर धडकलात.

अवघड वाटतंय? मग आपलं 'लागणे' घ्या. भूक लागते, ठेच लागते, नोकरी लागते, निकाल लागतो, दिवा लागतो, नाद लागतो. याची यादी तुम्हाला कुणी पाठ करायला लावली होती? घरात, गल्लीत, एसटीत ऐकून ऐकून आलं. 'रन'ही तसाच येतो. मॅचची कॉमेंटरी, सिनेमाचे सबटायटल्स, काहीही चालेल. फक्त सुटा शब्द नको, अख्खं वाक्य उचला.

आणि हॉस्टेलवर अमराठी रूममेट असेल, तर फलाटावर 'बस लागली' आणि घाटात 'बस लागली' यातला फरक त्याला आज समजावून बघाच.