तीन पानांचा निबंध

एरिक बेट्झिग या अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञांच्या शोधनिबंधांची यादी १९९५ नंतर जवळजवळ गप्प होते आणि २००५ मध्ये पुन्हा बोलू लागते. २०१४ चे रसायनशास्त्राचे नोबेल, स्टेफान हेल आणि विल्यम मोर्नर यांच्यासोबत, त्यांना मिळाले ते या यादीच्या जोरावर. मला मात्र त्यातल्या नोबेलपेक्षा त्या मधल्या मोकळ्या जागेने धरून ठेवले.

बेल लॅब्जमधली नोकरी सोडून घरी बसलेल्या बेट्झिग यांनी १९९५ मध्ये 'ऑप्टिक्स लेटर्स'मध्ये तीन पानांचा निबंध छापला. त्यात एकही प्रयोग नव्हता, फक्त कल्पना होती. अर्न्स्ट आबे यांनी १८७३ मध्येच सांगून ठेवले होते की प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाला सुमारे २०० नॅनोमीटरच्या आतले दोन ठिपके वेगळे दिसणार नाहीत. पण रात्री समोरच्या टेकडीवरच्या वस्तीतले दिवे एकेका घराने पाळीपाळीने लावले तर? प्रत्येक वेळी दिसेल तो धूसर डागच. पण डाग एकटा असेल तर त्याचा मध्य अचूक काढता येतो. दिव्यांच्या जागी चमकणारे रेणू धरा: एका रेणूकडून शंभर फोटॉन मिळाले, तर मध्याची अनिश्चितता डागाच्या सुमारे एक-दशांशावर येते. सगळे मध्य एकावर एक मांडले की चित्र तयार.

अडचण एकच होती. पाळीपाळीने उजळणारे रेणू तेव्हा हाताशी नव्हते. बेट्झिग मिशिगनमध्ये वडिलांच्या यंत्रसामग्रीच्या कारखान्यात रुजू झाले. निबंध राहिला ग्रंथालयात.

ते रेणू आले २००२ मध्ये. जॉर्ज पॅटरसन आणि जेनिफर लिपिनकॉट-श्वार्ट्झ यांनी जेलीफिशच्या हिरव्या प्रथिनाचे असे रूप घडवले, की जांभळ्या प्रकाशाचा झोत पडला की ते शंभरपट तेजाने चमकू लागते. ही बातमी बेट्झिग यांच्यापर्यंत पोहोचली २००५ मध्ये. बेल लॅब्जमधले जुने मित्र हॅराल्ड हेस तेव्हा, कारखाना सोडलेल्या बेट्झिग यांच्यासारखेच, बिननोकरीचे होते. दोघांनी हेस यांच्या ला होया इथल्या घराच्या दिवाणखान्यात सूक्ष्मदर्शक जुळवला. एकेका चित्रासाठी हजारो छायाचित्रे घ्यावी लागत, तासन्‌तास जात. या कामाचा निबंध ऑगस्ट २००६ मध्ये 'सायन्स'ने प्रसिद्ध केला. आज त्याचे उल्लेख हजारोंनी मोजले जातात.

त्याच २००५ मध्ये, त्याच ला होयातल्या कॅलिफोर्निया विद्यापीठात, होर्हे हिर्श यांनी संशोधकाचे वजन उल्लेखांवरून मोजणारा एच-निर्देशांक मांडला. ज्याच्या वीस निबंधांना प्रत्येकी किमान वीस उल्लेख, त्याचा निर्देशांक वीस. या मापात १९९५ च्या त्या निबंधाचे वजन फार तर एक. नियतकालिकाचे वजन उल्लेखांवरून मोजणाऱ्या इम्पॅक्ट फॅक्टरच्या हिशेबात तर तेही नाही. तो मागच्या दोनच वर्षांतले निबंध पाहतो, आणि या निबंधाचा दिवस दहा वर्षांनी उजाडला.

जेलीफिशच्या त्या प्रथिनाचे जनुक १९९२ मध्ये प्रथम वेगळे करणारे डग्लस प्रॅशर निधी संपल्याने संशोधनातून बाहेर पडले. २००८ मध्ये त्या प्रथिनाला नोबेल जाहीर झाले तेव्हा ते अलाबामात एका मोटार विक्रेत्याकडे ग्राहकांची ने-आण करत होते. त्यांचा निबंध सापडतो, उल्लेखही सापडतात. पण त्यांना प्रयोगशाळेत राहू द्यायला हवे होते तेव्हा ते आकडे जन्मालाच आले नव्हते.

बेट्झिग यांना जानेलिया संशोधन संस्थेने 'सायन्स'मधला निबंध छापून येण्याआधीच घेतले. त्या वेळी हिशेबात धरण्याजोगे त्यांच्याकडे ताजे फारसे काही नव्हते. संस्थेने माणूस आणि कल्पना पाहिली. आपल्याकडे यूजीसीच्या २०१८ च्या नियमावलीत शोधनिबंधाचे गुण नियतकालिकाच्या इम्पॅक्ट फॅक्टरनुसार वाढत जातात. महाराष्ट्रातल्या एखाद्या विद्यापीठाच्या निवड समितीपुढे अशीच दहा वर्षांची मोकळी जागा घेऊन कुणी उभे राहिले, तर जुनी तीन पाने उघडून वाचायला त्या समितीला नियमाने भाग पाडलेले नाही. ते व्हावे, एवढे मला कळकळीने वाटते.