मूल सांभाळणाऱ्या तृतीयपंथीयाला रजा कोण देणार?

शाळेत प्रवेशाचा अर्ज भरताना आम्ही शिक्षक दोन रकाने आधी बघतो: आईचे नाव आणि वडिलांचे नाव. माधवनगरात काय, सांगलीत काय, अर्ज सगळीकडे सारखाच. पण ज्यांना यातला कुठलाच रकाना धड लागू होत नाही, त्यांनी काय करायचं? मूल घरी आल्यावर नोकरीतून रजा मागतानाही हीच अडचण येते.

केंद्र सरकारच्या रजा नियमांत बाळंतपणाला महिला कर्मचाऱ्याला 180 दिवस आणि पुरुषाला 15 दिवस रजा आहे. एक वर्षाच्या आतलं मूल दत्तक घेतलं तरी हिशोब तोच. खासगी नोकरीत 2017 च्या दुरुस्तीने 26 आठवडे झाले, तेही 'स्त्री'ला. तृतीयपंथीयांचा उल्लेखच नाही.

2019 च्या तृतीयपंथी हक्क कायद्याने नोकरीत भेदभावाला मनाई केली. पण मुलासाठीच्या रजेबद्दल तो गप्प आहे. आपल्या राज्यात 2022 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या दट्ट्यानंतर पोलीस भरतीच्या अर्जात तिसरा पर्याय आला. म्हणजे नोकरीचं दार उघडलं. उद्या त्या कर्मचाऱ्याच्या घरी मूल आलं तर?

हे काही हवेतलं नाही. केरळात 2023 मध्ये जहाद या ट्रान्स पुरुषाने बाळाला जन्म दिला. जन्मदाखल्यावर आई-वडील असं न लिहिता फक्त 'पालक' लिहा, असं तिथल्या उच्च न्यायालयाने 2025 मध्ये सांगितलं. इथे मुंबईत गौरी सावंत यांनी आईविना राहिलेल्या मुलीला पोटच्या पोरीसारखं वाढवलं.

आपल्या घरांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. शरीअतमध्ये दत्तकाने मुलाचा नसब बदलत नाही, म्हणून आपल्यात अनेकजण मूल कफालतीत घेतात. केंद्राच्या त्याच नियमांत याचीही सोय केली आहे. 1890 च्या पालकत्व कायद्याने किंवा आपल्या व्यक्तिगत कायद्याने सांभाळायला घेतलेलं मूलही अटींवर रजेसाठी धरलं जातं. आपल्यासाठी नियमाला एक ओळ जोडता आली, तर त्यांच्यासाठी का नाही?

तोवर कुणी ओळखीचं अडलं असेल तर एवढं सांगा: जिल्हाधिकाऱ्यांकडून ओळख प्रमाणपत्र घ्या, रजेचा अर्ज लेखीच द्या, आणि नकार आला तर तोही लेखी मागा. 2019 च्या कायद्याने प्रत्येक आस्थापनेत तक्रार अधिकारी नेमणं बंधनकारक आहे, त्यांच्याकडे जा. रजा शेवटी त्या लेकराच्या हक्काची असते.